घरच्या वीजबिलावरून प्रोग्रॅमिंगची ओळख

प्रोग्रॅमिंग शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या वहीचं पहिलं पान व्याख्यांनी भरलेलं असतं. व्हेरिएबल म्हणजे काय, लूप म्हणजे काय, फंक्शन म्हणजे काय. व्याख्या पाठही असतात. पण "आता एक छोटा प्रोग्राम लिहून दाखव" म्हटलं की हात थांबतो, कारण हे शब्द नेमके कुठल्या कामाला येतात ते कोणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून या लेखात मी एकच काम हातात घेतलं आहे: घरचं वीजबिल काढायचं. बिल प्रत्येकाच्या घरी येतं, त्यावरचे आकडे खरे असतात आणि त्याचा हिशोब वाटतो तितका सरळ नसतो. हे एक काम पूर्ण करताना प्रोग्रॅमिंगचे जवळजवळ सगळे मूळ शब्द वाटेत भेटतात. जो शब्द जिथे भेटेल तिथेच तो समजून घेऊ.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, विशेषतः मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी. इंग्रजी कच्चं आहे म्हणून प्रोग्रॅमिंग जमणार नाही, ही भीती मी फार जणांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. आपण वापरणार आहोत त्या पायथन भाषेत राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःच्या कामासाठी ठेवून घेतलेले शब्द, आहेत सगळे मिळून 35. त्यांतले आठ-दहा आले की पहिले दोन-तीन महिने निभतात. एवढे शब्द कोणालाही येतात. खरी मेहनत असते ती विचार नीट, तुटक-तुटक पायऱ्यांत मांडण्याची, आणि ती मराठीत करायला काहीही आडकाठी नाही.

आधी कागद

कॉम्प्युटर सुरू करू नका. घरातलं एक वीजबिल आणि कोरा कागद घ्या. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग दिलेली असतात. चालू वजा मागील केलं की वापरलेली युनिट मिळतात. त्यांना दर लावायचा. पण दर एकच नसतो, टप्पे असतात. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांसाठी 1 ते 100 युनिट, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे टप्पे ओळखीचे आहेत. खरे दर वेळोवेळी बदलतात आणि बिलात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असं बरंच काही जोडलेलं असतं. ते सगळं आत्ता बाजूला ठेवू आणि हिशोबाला सोपे पडतील असे माझ्या मनाचे दर धरू: पहिल्या 100 युनिटला 4 रुपये, पुढच्या 200 युनिटला 10 रुपये, 300 च्या वरच्या प्रत्येक युनिटला 15 रुपये.

आता 250 युनिटचं बिल हाताने काढा. पहिले 100 युनिट 4 रुपयांनी, म्हणजे 400. उरलेले 150 युनिट 10 रुपयांनी, म्हणजे 1500. एकूण 1900 रुपये.

तुम्ही आत्ता जे केलंत त्याच्या पायऱ्या ओळीने लिहून काढा: रीडिंगची वजाबाकी करा, युनिट कुठल्या टप्प्यात येतात ते बघा, टप्प्याप्रमाणे गुणाकार करा, बेरीज करा. ठरलेल्या क्रमाने जाऊन नक्की संपणाऱ्या अशा पायऱ्यांना अल्गोरिदम म्हणतात. शब्द भारदस्त वाटतो, पण तो एका माणसाच्या नावावरून आला आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होता. त्याने भारतीय अंकपद्धतीने हिशोब कसे करायचे यावर लिहिलं. ते लॅटिनमध्ये गेलं तेव्हा त्याच्या नावाचं रूप झालं 'अल्गोरित्मी', आणि त्यातून हा शब्द रुळला. आपल्याकडच्या अंकांवरच्या लिखाणातून आलेला शब्द शिकताना परकं वाटायचं कारण नाही.

हाच अल्गोरिदम कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत लिहिला की झाला प्रोग्राम. लिहिलेल्या मजकुराला कोड म्हणतात. कागदावरच्या पायऱ्या धूसर असतील तर कोडही धूसर होतो, म्हणून मी शिकवताना पहिला तास कोणालाही कीबोर्डला हात लावू देत नाही.

पायथन उघडा

पायथन ही भाषा नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी तयार केली आणि 1991 मध्ये ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. ती फुकट आहे. पायथन डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरून उतरवून घेतली की विंडोजवर तिच्यासोबत 'आयडल' नावाची एक साधी खिडकी येते. ती पुरेशी आहे. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडलं तरी चालतं. कुठलं साधन चांगलं याच्या चर्चेत आठवडा घालवू नका.

आयडल उघडलं की >>> अशी खूण दिसते. पायथन तुमची वाट पाहतंय, एवढाच तिचा अर्थ. तिथे 7 + 5 लिहून एंटर दाबा, 12 येईल. तुम्ही दिलेली ओळ वाचून लगेच ती पार पाडणारा जो प्रोग्राम मागे बसलेला असतो, तो इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषा. सी सारख्या भाषांमध्ये काम वेगळं चालतं. तिथे सगळा कोड आधी एकदम यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवतात आणि मग चालवतात. ते उतरवणाऱ्याला कंपायलर म्हणतात. ग्रेस हॉपर या अमेरिकन गणितज्ञ बाईंनी 1952 च्या सुमारास असं पहिलं साधन बनवलं. सुरुवातीला एवढा फरक माहीत असला तरी पुरे.

या लेखात पायथनचे स्वतःचे शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत, पण टाइप करताना ते इंग्रजी लहान अक्षरांत लिहायचे: इफ म्हणजे आय-एफ, एलिफ म्हणजे ई-एल-आय-एफ, डेफ म्हणजे डी-ई-एफ, इंट म्हणजे आय-एन-टी. बाकीचे प्रिंट, इनपुट, एल्स, फॉर, इन, रिटर्न हे नेहमीच्याच स्पेलिंगने.

नावं देणं

आता हे टाइप करा, अगदी देवनागरीतच:

>>> मागील = 4820
>>> चालू = 5070
>>> युनिट = चालू - मागील
>>> युनिट
250

हो, पायथनला देवनागरी नावं चालतात. मागील, चालू, युनिट ही व्हेरिएबल झाली. व्हेरिएबल म्हणजे एखाद्या किमतीला दिलेलं नाव. नावात मोकळी जागा चालत नाही, त्यामुळे 'वीज बिल' ऐवजी वीज_बिल असं लिहावं लागतं, आणि नावाची सुरुवात आकड्याने करता येत नाही. आकडे मात्र 1, 2, 3 असेच लिहायचे. कोडमध्ये ४८२० असं लिहिलंत तर पायथन अडून बसतं. (पुढे नोकरीत, चार जणांच्या कामात, इंग्रजी अक्षरांतली नावं वापरण्याची पद्धत आहे. शिकताना आपल्या भाषेतली नावं वापरली की आपण काय करतोय ते डोळ्यांना लगेच दिसतं. एक काळजी घ्या: काही कीबोर्ड जोडाक्षरांमध्ये न दिसणारं एक चिन्ह घालतात आणि पायथन ते नावात स्वीकारत नाही. सोपी नावं निवडली की हा त्रास होत नाही.)

इथे एक जागा आहे जिथे जवळजवळ प्रत्येकजण ठेचकाळतो, म्हणून थोडं थांबू. = ही खूण गणितातली 'बरोबर' नाही. तिचा अर्थ आहे: उजवीकडे जे आहे ते आधी काढ आणि डावीकडच्या नावाखाली ठेव. म्हणून पायथनमध्ये युनिट = युनिट + 10 असं लिहिता येतं. गणिताच्या वहीत ही ओळ चूक आहे, इथे तिचा अर्थ 'युनिटमध्ये 10 वाढव' असा होतो.

आता आणखी एक प्रयोग करा:

>>> चालू = 5100
>>> युनिट

उत्तर काय येईल? वर्गात विचारलं की बहुतेकजण 280 म्हणतात. येतं 250. कारण वजाबाकी झाली तेव्हाच झाली आणि तिचं उत्तर 'युनिट' या नावाखाली ठेवलं गेलं. ते कुठून आलं होतं हे पायथनने लक्षात ठेवलेलं नाही. एक्सेलमध्ये एका घरातला आकडा बदलला की सूत्राचं घर आपोआप बदलतं, त्या सवयीमुळे हा घोळ होतो. प्रोग्राम वरून खाली एकेक ओळ पार पाडत जातो आणि मागे वळून बघत नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

संख्या आणि मजकूर

कॉम्प्युटरला 250 ही संख्या आणि "250" हा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत कुठल्या जातीची आहे त्याला डेटा टाइप म्हणतात. पूर्ण संख्या म्हणजे इंट, दशांश चिन्हाची संख्या म्हणजे फ्लोट, अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणजे स्ट्रिंग, आणि फक्त खरं किंवा खोटं एवढंच सांगणारी ती बूल.

हा फरक कुठे नडतो ते बघा. वापरणाऱ्याकडून रीडिंग विचारून घ्यायची तर इनपुट वापरतात:

>>> चालू = इनपुट("चालू रीडिंग: ")

इनपुटमधून जे येतं ते नेहमी स्ट्रिंग असतं, भले समोरच्याने आकडेच टाइप केलेले असोत. दोन स्ट्रिंगची वजाबाकी करायला गेलात तर पायथन लगेच तक्रार करतं, ते बरंच आहे. पण बेरीज केलीत तर तक्रारही येत नाही: "50" + "70" चं उत्तर येतं "5070", कारण मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणं. उत्तर चुकीचं आणि आवाज कुठेच नाही. यावर उपाय म्हणजे आलेला मजकूर इंटमधून काढून संख्या करून घेणं:

>>> चालू = इंट(इनपुट("चालू रीडिंग: "))

गंमत म्हणजे इथे कोणी देवनागरीत ५०७० टाइप केलं तरी इंट त्याची 5070 ही संख्या करून देतं. कोडमध्ये देवनागरी आकडे चालत नाहीत, पण वापरणाऱ्याने दिलेले चालतात. गावाकडच्या माणसांसाठी काही बनवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

स्ट्रिंगबद्दल मराठी माणसाला हमखास पडणारा प्रश्नही इथेच उरकून घेऊ. मजकुराची लांबी मोजणारी 'लेन' (एल-ई-एन) नावाची सोय आहे. "नमस्ते" ची लांबी विचारली तर उत्तर 6 येतं. आपल्याला दिसतात तीन किंवा फार तर चार अक्षरं. कॉम्प्युटर मोजतो न, म, स, हलंताची खूण, त आणि एकाराची मात्रा. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्रा आणि हलंत यांना स्वतंत्र जागा आहेत, म्हणून त्या वेगळ्या मोजल्या जातात. मराठी शब्द उलटा करण्याचा प्रोग्राम लिहिलात की मात्रा भलत्याच अक्षराला का चिकटतात, याचं कारण हेच.

फ्लोटबद्दल फक्त एक इशारा. पायथनला 0.1 + 0.2 विचारा. उत्तर 0.30000000000000004 येईल. मशीन बिघडलेलं नाही. आतमध्ये संख्या फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ठेवल्या जातात आणि एक दशांश त्या पद्धतीत तंतोतंत बसत नाही, जसं एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत 0.333 असं लांबतच जातं. पैशांचा हिशोब असेल तर सगळी रक्कम पैशांत, म्हणजे पूर्ण संख्येत ठेवणं ही जुनी आणि खात्रीची युक्ती.

टप्पे: इफ, एलिफ, एल्स

आता लेखातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जागी आलो. पहिल्या फटक्यात बहुतेकजण असा कोड लिहितात:

इफ युनिट <= 100:
    बिल = युनिट * 4
एलिफ युनिट <= 300:
    बिल = युनिट * 10
एल्स:
    बिल = युनिट * 15

आधी याची रचना समजून घ्या. <= म्हणजे 'पेक्षा कमी किंवा तितकंच', आणि * म्हणजे गुणाकार. इफपुढे एक अट असते. ती खरी ठरली तरच तिच्याखालची ओळ पार पाडली जाते. खोटी ठरली तर एलिफची अट तपासली जाते, तीही खोटी ठरली तर एल्सखालची ओळ चालते. तीनपैकी एकच भाग चालतो. ओळीच्या शेवटचा विसर्गासारखा : आणि पुढच्या ओळीआधी सोडलेली चार अक्षरांएवढी मोकळी जागा या पायथनमध्ये शोभेच्या गोष्टी नाहीत. कुठली ओळ कुठल्या अटीच्या पोटात आहे, हे पायथन त्या मोकळ्या जागेवरूनच ओळखतं. तिला इंडेंटेशन म्हणतात. आणि 'सारखं आहे का' असं विचारायचं असेल तर दोन बरोबर, म्हणजे == लिहायचं. एक बरोबर ठेवतं, दोन बरोबर विचारतात.

वरचा कोड चालतो. तक्रार येत नाही. 80 युनिटला 320 रुपये येतात, ते बरोबर आहे. मग 100 युनिट द्या: 400. आणि 101 द्या: 1010. एक युनिट जास्त जळलं आणि बिल 610 रुपयांनी वाढलं! कागदावर आपण असं केलं नव्हतं. पहिले 100 युनिट 4 रुपयांनीच धरले होते आणि फक्त वरच्या युनिटला 10 रुपये लावले होते. कोडने मात्र सगळ्याच 101 युनिटला 10 रुपये लावले. कॉम्प्युटरने आपलं ऐकलं, आपणच चुकीचं सांगितलं.

दुरुस्त केलेला कोड:

इफ युनिट <= 100:
    बिल = युनिट * 4
एलिफ युनिट <= 300:
    बिल = 400 + (युनिट - 100) * 10
एल्स:
    बिल = 2400 + (युनिट - 300) * 15

यातले 400 म्हणजे पहिल्या टप्प्याचं पूर्ण बिल, आणि 2400 म्हणजे पहिल्या दोन टप्प्यांचं, 400 अधिक 200 गुणिले 10. हे आकडे कुठून आले ते सहा महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही. म्हणून त्या ओळीशेजारी # ही खूण करून मराठीत टीप लिहून ठेवा. # नंतरचं पायथन वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. त्याला कॉमेंट म्हणतात.

वर सापडली तशी चूक, जिथे प्रोग्राम चालतो पण उत्तर चुकीचं देतो, ती लॉजिकल एरर. सगळ्यात घातक हीच, कारण ती लाल अक्षरांत ओरडत नाही. ती पकडायची एकच रीत मला माहीत आहे: सीमेवरचे आकडे तपासणं. 99, 100, 101. मग 299, 300, 301. मधलेच आकडे देऊन समाधान मानणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही. हल्ली अनेकजण एआयकडून तयार कोड मागून घेतात. घ्या, पण 100 आणि 101 ची तपासणी तुम्हालाच करायची आहे, आणि 101 चं बरोबर उत्तर 410 आहे हे कागदावर आधी काढलेलं असेल तरच ती करता येते.

आणखी एक करून बघा. चालू आणि मागील रीडिंग उलटसुलट भरा. युनिट येतील -250 आणि बिल येईल -1000 रुपये. पायथनला त्यात काहीही वावगं वाटत नाही. -250 हे 100 पेक्षा लहानच आहे, तेव्हा पहिली अट खरी. वीज वापरून उलट पैसे मिळत नसतात हे ज्ञान आपलं आहे, ते कोडमध्ये आपणच घालायचं: सगळ्यांत वर आणखी एक अट टाका, युनिट शून्यापेक्षा कमी असतील तर 'रीडिंग तपासा' असं छापा.

लाल अक्षरं वाचायला शिका

इथवर येईपर्यंत तुमच्या पडद्यावर लाल अक्षरं दोन-चार वेळा तरी आली असतील. ती दिसली की नवी माणसं खिडकीच बंद करतात. कृपा करून असं करू नका. त्या मजकुराची शेवटची ओळ आधी वाचा. तिथे कुठल्या प्रकारची चूक झाली तिचं नाव असतं आणि त्याच्या वर चूक कुठल्या क्रमांकाच्या ओळीत आहे ते दिलेलं असतं.

नेम एरर आला तर न ठेवलेलं नाव वापरलं गेलंय. बहुतेक वेळा स्पेलिंग: वर युनिट लिहिलं आणि खाली यूनिट. ऱ्हस्व-दीर्घ पायथनलाही लागतं. सिंटॅक्स एरर म्हणजे व्याकरण चुकलं, कंस बंद करायचा राहिला किंवा : विसरला. कंसाची चूक कधी कधी दाखवलेल्या ओळीच्या वरच्या ओळीत असते, तेव्हा वरही नजर टाका. टाइप एरर म्हणजे मजकूर आणि संख्या यांची गल्लत. इंडेंटेशन एरर म्हणजे मोकळी जागा कमी-जास्त झाली.

चुकीला बग (इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ किडा) आणि ती शोधून काढण्याला डिबगिंग म्हणतात. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क टू या जुन्या कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या बटणात, एक पतंग किडा अडकलेला सापडला. काम करणाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावून ठेवला आणि खरोखरचा किडा सापडल्याची नोंद केली. ते पान आजही अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपलेलं आहे. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणण्याची पद्धत त्याआधीची, एडिसनच्या काळापासूनची. म्हणूनच त्या लोकांना ती नोंद करावीशी वाटली.

बारा महिने: लिस्ट आणि लूप

एका महिन्याचं बिल झालं. वर्षाचं काढायचं तर बारा व्हेरिएबल करायची का? नाही. एकाच नावाखाली ओळीने किमती ठेवता येतात, त्याला लिस्ट म्हणतात:

>>> वर्ष = [110, 95, 140, 250, 320, 180]

सोयीसाठी सहाच महिने घेतले. पहिला आकडा हवा असेल तर वर्ष[0] लिहायचं, दुसऱ्यासाठी वर्ष[1]. या क्रमांकाला इंडेक्स म्हणतात आणि तो शून्यापासून सुरू होतो. हे विचित्र वाटत असेल तर आपल्या इमारती आठवा. रस्त्यालगतचा मजला तळमजला, लिफ्टमध्ये त्याचं बटण 0, आणि एक जिना चढून गेलं की पहिला मजला. इंडेक्स म्हणजे सुरुवातीपासून किती पावलं पुढे, एवढंच. सहा आकड्यांच्या लिस्टमध्ये शेवटचा इंडेक्स 5 असतो. वर्ष[6] मागितलंत तर इंडेक्स एरर येतो.

आता प्रत्येक महिन्यावर तीच कृती करायची. त्यासाठी लूप:

एकूण = 0
फॉर युनिट इन वर्ष:
    एकूण = एकूण + युनिट
प्रिंट(एकूण)

फॉर एकेक आकडा उचलतो, त्याला 'युनिट' हे नाव देतो आणि खालची आत सरकवलेली ओळ चालवतो. लिस्ट संपली की पुढे जातो आणि प्रिंट उत्तर पडद्यावर दाखवतं. हे समजायला मी कागदावर दोन रकाने करायला लावतो, युनिट आणि एकूण. 110 आणि 110. मग 95 आणि 205. मग 140 आणि 345. असं 1095 पर्यंत हाताने जा. या हाताने चालवण्याला ड्राय रन म्हणतात. ज्याने पाच लूपचे ड्राय रन मन लावून केले, त्याला लूप परत शिकवावा लागत नाही.

आता मुद्दाम एक चूक करा. प्रिंटची ओळ चार जागा आत सरकवा. 'एकूण' या नावाखालची किंमत सहा वेळा छापली जाईल. एकूण = 0 ही ओळ लूपच्या आत टाका, मग शेवटी फक्त 180 उरेल. असं का झालं ते कोणाला तरी मोठ्याने समजावून सांगा, घरात आजी असेल तर आजीला.

लूपचा दुसरा प्रकार व्हाइल, अट खरी असेपर्यंत फिरत राहणारा. अट कधी खोटी होणार नाही असं लिहिलंत तर तो थांबतच नाही. तेव्हा कंट्रोल आणि सी ही बटणं एकत्र दाबा. तूर्तास एवढं ठेवा, फॉरवर हात बसला की व्हाइल सोपा जातो.

आपलं स्वतःचं यंत्र: फंक्शन

बिलाचे टप्पे आता प्रत्येक महिन्याला लावायचे आहेत. तो सहा ओळींचा कोड पुन्हा पुन्हा उतरवण्याऐवजी त्याला नाव देऊन बाजूला ठेवू:

डेफ बिल(युनिट):
    इफ युनिट <= 100:
        रिटर्न युनिट * 4
    एलिफ युनिट <= 300:
        रिटर्न 400 + (युनिट - 100) * 10
    एल्स:
        रिटर्न 2400 + (युनिट - 300) * 15

हे फंक्शन. पिठाच्या गिरणीसारखं समजा: वरून धान्य टाकलं की खालून पीठ येतं, आणि आतल्या जात्याची चिंता गिऱ्हाइकाला करावी लागत नाही. कंसातलं युनिट हे पॅरामीटर, म्हणजे धान्य टाकायचं तोंड. रिटर्न म्हणजे हातात परत मिळणारं पीठ. डेफ लिहून फक्त गिरणी उभी राहते, दळण होत नाही. दळण होतं ते फंक्शनला बोलावल्यावर: बिल(250) लिहिलं की 1900 परत येतात. या बोलावण्याला कॉल करणं म्हणतात. प्रिंट, इनपुट, लेन, इंट हीसुद्धा फंक्शनच आहेत, फक्त ती दुसऱ्या कोणी लिहून ठेवली आहेत. अशा तयार फंक्शनांचा संग्रह म्हणजे लायब्ररी.

रिटर्न आणि प्रिंट यांत गोंधळ होतो, आणि तो महिनोन्महिने टिकतो. प्रिंट उत्तर पडद्यावर दाखवतं, बस. रिटर्न ते उत्तर पुढच्या हिशोबासाठी परत देतं. वरच्या फंक्शनमध्ये रिटर्नच्या जागी प्रिंट वापरून बिल(250) केलं तर पडद्यावर 1900 दिसतात आणि सगळं ठीक वाटतं. पण बिल(250) + बिल(110) करायला गेलात की टाइप एरर येतो, कारण फंक्शनने हातात काहीच दिलेलं नाही. पायथन त्या 'काहीच नाही'ला नन म्हणतं, आणि दोन ननची बेरीज होत नाही. नियम सोपा ठेवा: हिशोब करणारं फंक्शन रिटर्न करेल, छापायचं काम बाहेर, शेवटी, एकदाच.

आता सगळे तुकडे जोडा:

एकूण = 0
फॉर युनिट इन वर्ष:
    एकूण = एकूण + बिल(युनिट)
प्रिंट(एकूण)

चालवण्याआधी कागदावर उत्तर काढा. 110 चे 500, 95 चे 380, 140 चे 800, 250 चे 1900, 320 चे 2700, 180 चे 1200. बेरीज 7480. पडद्यावर तेच आलं की तुमचा पहिला खरा प्रोग्राम झाला. आता तो आयडलमध्ये नवी फाइल उघडून जतन करा, म्हणजे खिडकी बंद केल्यावर पुसला जाणार नाही. >>> च्या खुणेपुढे लिहिलेलं सगळं खिडकीबरोबर जातं.

पुढच्या आठवड्यासाठी काम देतो. वरच्या फंक्शनमध्ये 300 नंतर एकच टप्पा आहे. तिथे 301 ते 500 ला 15 आणि 500 च्या वर 18 रुपये असे दोन टप्पे करा. 130 रुपये स्थिर आकार धरा आणि तो एका नावाखाली ठेवून बिलात मिळवा, म्हणजे उद्या तो बदलला तर एकाच जागी बदलावा लागेल. लिस्टमध्ये स्वतःच्या घरची बारा महिन्यांची खरी युनिट भरा. मग सीमेवरचे आकडे देऊन तपासा. स्थिर आकार धरून 0 युनिटला 130 यायला हवेत, 100 ला 530, 101 ला 540, 300 ला 2530, 301 ला 2545, 500 ला 5530 आणि 501 ला 5548.